‘कसंतरी होतंय’ हे सिस्टरला कसं कळवायचं?

गेल्या पावसाळ्यात आई मोरीत घसरून पडली. मी विजय मार्केटमधून भाजी घेऊन घरी आले, तर ती भिंतीला टेकून बसलेली. म्हणाली, ‘‘काही नाही झालं ग, जरा कसंतरी होऊन राह्यलं.’’ त्या ‘कसंतरी’चा अर्थ एक्स-रेमध्ये कळला. उजव्या खुब्याचं हाड मोडलं होतं. वय 79.

आई मूळची नागपूरची. 1 नोव्हेंबर 1956 ला नवं मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूरहून भोपाळला आली, आणि तिच्यामागून नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांतली कितीतरी मराठी कुटुंबं इकडे आली. आजोबा त्यातलेच एक कारकून. त्याच वर्षी भोपाळला हेवी इलेक्ट्रिकल्सची, म्हणजे आजच्या भेलची, स्थापना झाली आणि पुढं बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा इथल्या क्वार्टरांमध्येही मराठी घरं वाढली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या आजी-आजोबांची गोष्ट हीच आहे. आई भोपाळला आली तेव्हा दहा वर्षांची होती. बाजारात, शेजारी, बँकेत ती उत्तम हिंदी बोलते. पण दुखायला लागलं की तिची हिंदी जाते आणि नागपूर परत येतं.

हा लेख त्याबद्दल आहे. आणि थोडा फोनबद्दलही.

दोन टिका

शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका खासगी रुग्णालयात आईचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. दाखल करतानाच आम्हाला एक कार्ड मिळालं. त्यावर वॉर्डचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर होता. रुग्णाची चौकशी करायची असेल, काही कळवायचं असेल तर मेसेज करा. आम्हाला फार बरं वाटलं. लेक पुण्यात, भाऊ नागपुरात. ‘आई अपडेट’ नावाचा ग्रुप तासाभरात तयार झाला आणि वॉर्डचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये गेला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईची लघवीची नळी काढली. त्या वॉर्डात रात्री नातेवाईकांना थांबू देत नसत. मी साडेआठला घरी आले. साडेदहाला आईचा फोन. ‘‘पोटात कळ येऊन राह्यली ग.’’

‘‘सिस्टरला सांग ना.’’

‘‘सांगितलं. ते पोरगी म्हणे, ठीक है अम्मा, आणि गेली.’’

‘‘मग बेल दाब.’’

‘‘किती वेळा दाबू? तिला एकटीला किती पेशंट आहेत.’’

मी वॉर्डच्या नंबरवर हिंदीत मेसेज टाकला : बेड 12, पेट में दर्द है, कृपया देख लीजिए. दोन करड्या टिका आल्या. ग्रुपवर लेकीनं लिहिलं, ‘पोचलाय मेसेज, बघतील.’ सव्वाअकराला मी परत एक मेसेज टाकला. पुन्हा दोन टिका. भावानं नमस्काराचा हात टाकला. आम्ही तीन शहरांत बसून त्या दोन टिकांकडे बघत राहिलो, आणि आपण काहीतरी केलं आहे अशा समाधानात साडेबाराला झोपलो.

दीड वाजता तीच सिस्टर रक्तदाब बघायला आली. आई घामानं भिजली होती, डोळे मिटून ओठ चावत होती. सिस्टरनं काही न विचारता पांघरूण बाजूला केलं आणि ओटीपोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं. नळी काढल्यापासून आईला लघवीच झाली नव्हती. तिनं लगेच डॉक्टरांना बोलावलं, नळी परत घातली, आणि दहा मिनिटांत आई शांत झोपली.

सकाळी पावणेसातला माझ्या मेसेजच्या टिका निळ्या झाल्या. उत्तर आलं : ओके मॅम.

मी तणतणत वॉर्डात गेले. तो फोन ड्रॉवरमध्ये होता. रात्री तो कुणी बघत नाही. कार्डावर अगदी बारीक अक्षरांत ‘सकाळी 9 ते संध्याकाळी 6’ असं छापलेलं होतं. ते आम्हा तिघांपैकी एकानंही वाचलं नव्हतं.

आणि सिस्टर? ती रीवाकडची, पंचविशीतली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, ‘‘आंटी, मैंने पूछा था, पेट साफ हुआ? अम्मा बोलीं, पेट में कल है. मैं समझी, कल होगा.’’

एका ‘ळ’ची किंमत

आईनं सांगितलं होतं ‘कळ’. सिस्टरनं ऐकलं ‘कल’. हिंदीत ‘ळ’ नाही, आणि ‘कल’ म्हणजे उद्या किंवा काल. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस पोट साफ न होणं नेहमीचंच. त्यामुळे ‘कल होगा’ हे उत्तर तिला अगदी बरोबर वाटलं. खुब्याच्या ऑपरेशननंतर, पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिलेली असेल तर विशेषतः, वयस्कर माणसांची लघवी तुंबते हेही तिला ठाऊक होतं. पण त्या उत्तरानंतर तसा विचार करायचं कारणच उरलं नाही.

यात खोटं कुणीच बोललं नाही, कामचुकारपणाही कुणी केला नाही. तरी तीन तास एक म्हातारी बाई वेदनेत पडून राहिली. आमच्याकडे फोन होते, नेटवर्क होतं, ग्रुप होता. नव्हता तो एक अर्थ, जो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला हवा होता.

आपल्या भोपाळला हे वेगळं सांगायला नको. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री हमीदियामध्ये माणसांचे लोंढे आले तेव्हा हा कोणता वायू आहे, त्यावर उपाय काय, हे तिथल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना नीट सांगणारं कुणी नव्हतं. ओला कपडा नाका-तोंडावर धरा, वाऱ्याच्या दिशेनं पळू नका, एवढा निरोप वस्त्यांमध्ये वेळेवर पोचला असता तर कित्येक माणसं वाचली असती, असं ती रात्र पाहिलेले लोक आजही म्हणतात. तेव्हा मोबाइल नव्हते. पण तेव्हाचा प्रश्न आजही तोच आहे : ज्याला माहीत आहे त्याच्याकडून, ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत, त्याला समजेल अशा शब्दांत, वेळेवर.

बेल आणि मेसेज यांत फरक काय?

त्या रात्रीनंतर मी या विषयावर बरंच वाचलं. पहिली गंमत कळली ती फ्लॉरेन्स नाइटिंगेलची. 1853 मध्ये तिला लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या एका छोट्या रुग्णालयाची व्यवस्था बघायची होती. तिथं रुजू होण्याआधीच तिनं लेडी कॅनिंग यांना पत्र लिहून काय काय हवं ते कळवलं. (याच लेडी कॅनिंग पुढं भारतात आल्या. त्यांचे पती लॉर्ड कॅनिंग हे पहिले व्हाइसरॉय.) नाइटिंगेलची एक मागणी होती घंटेची. प्रत्येक रुग्णाची घंटा त्या मजल्यावरच्या परिचारिकेच्या दाराबाहेर वाजावी. आणि घंटा वाजली की तिच्याजवळची एक झडप उघडावी आणि उघडीच राहावी, म्हणजे कुणी बोलावलं ते परिचारिकेला येऊन बघता येईल.

त्या झडपेत सगळं आहे. आवाज विरून जातो, झडप उघडी राहते. कामात असलेली परिचारिका पाच मिनिटांनी आली तरी तिला दिसतं की अमुक खाटेवरचं माणूस वाट बघतंय.

आजच्या रुग्णालयातली बेल याच तत्त्वावर चालते. खाटेजवळचं बटण दाबलं की दारावर किंवा खाटेच्या वर दिवा लागतो, नर्सिंग स्टेशनवरच्या पाटीवर खाटेचा नंबर दिसतो, बझर वाजतो. चांगल्या यंत्रणेत तो दिवा स्टेशनवर बसून बंद करता येत नाही. सिस्टरला खाटेपर्यंत यावं लागतं आणि तिथलं बटण दाबावं लागतं. म्हणजे ही यंत्रणा ‘वाचलं’ एवढ्यावर थांबत नाही, ‘आले’ झालं की मगच गप्प होते.

व्हॉट्सअ‍ॅपचं तसं नाही. दोन टिका म्हणजे मेसेज एका फोनमध्ये पोचला. निळ्या टिका म्हणजे तो कुणीतरी उघडला. पुढं काही झालं की नाही, हे त्या टिका सांगत नाहीत. आम्ही त्या रात्री बेलचं काम मेसेजवर सोपवलं, ही आमची चूक होती. रुग्णालयाचं कार्ड बारीक अक्षरांत होतं हे खरं. पण आईला ‘लाजू नकोस, बेल दाब’ असं ठामपणे सांगायचं सोडून मी मेसेज टाइप करत बसले, हेही तितकंच खरं.

म्हणून पहिला नियम, आमच्या घरात आता फ्रिजवर चिकटवलेला : आत्ता काही होत असेल तर बेल. बेलनं कुणी आलं नाही तर नर्सिंग स्टेशनला फोन. मेसेज फक्त सकाळपर्यंत थांबू शकेल अशा गोष्टीसाठी.

मग डिजिटल काही उपयोगाचंच नाही का?

असं अजिबात नाही. उलट आपल्याच राज्यात याचा फार शहाणपणानं उपयोग चाललेला आहे, आणि त्यात परिचारिकाच पुढे आहेत.

‘नूरा हेल्थ’ ही संस्था बघा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ती निघाली आणि बंगळुरूच्या नारायण हृदयालयात तिचं काम सुरू झालं. त्यांना दिसलं की वॉर्डाबाहेर नातेवाईक दिवसच्या दिवस नुसते बसून असतात, घाबरलेले असतात, आणि घरी गेल्यावर रुग्णाचं सगळं त्यांनाच करायचं असतं. मग या वेळेचा उपयोग का करू नये? त्यांनी परिचारिकांना प्रशिक्षण दिलं. परिचारिका वॉर्डातच नातेवाईकांना गोळा करून शिकवू लागल्या : हात कसे धुवायचे, टाक्यांची काळजी कशी घ्यायची, नवजात बाळाला छातीशी कसं धरायचं, कोणती लक्षणं दिसली की लगेच परत यायचं. घरी गेल्यावर त्याच कुटुंबाला व्हॉट्सअ‍ॅपवर आठवणीचे संदेश येतात आणि त्यांना उलट प्रश्नही विचारता येतात. आज हे काम मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांतल्या सरकारी रुग्णालयांत चालतं.

इथला क्रम महत्त्वाचा आहे. आधी माणूस माणसाला भेटतो, समोरासमोर शिकवतो, चेहरा ओळखीचा होतो. मग मेसेज येतो. त्या मेसेजमागे कोण आहे हे घरच्यांना माहीत असतं.

दुसरं उदाहरण ‘किलकारी’. केंद्र सरकारनं जानेवारी 2016 मध्ये ही सेवा सुरू केली, आणि सुरुवातीच्या राज्यांत आपलं मध्य प्रदेशही होतं. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून ते बाळ एक वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक फोन येतो, एकूण 72 संदेश. मेसेज नाही, फोन. कारण वाचता न येणाऱ्या बाईलाही ऐकता येतं. साधा बटणांचा फोनही चालतो. ही सेवा आता चालवण्यात मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेचा मोठा वाटा आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी ती 2008 मध्ये स्थापन केली. ‘एम-मित्र’ ही त्यांची अशीच सेवा मुंबईतल्या वस्त्यांमधून सुरू झाली.

तिसरं ‘ई-संजीवनी’. कोविडच्या टाळेबंदीत, एप्रिल 2020 मध्ये, घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची सोय तिच्यावर सुरू झाली. पण त्याआधीपासून तिचा एक दुसरा भाग आहे आणि माझ्या मते तो जास्त मोलाचा आहे. खेड्यातल्या आरोग्य केंद्रात रुग्ण येतो. तिथं समुदाय आरोग्य अधिकारी असते, बहुधा नर्सिंग शिकलेली. ती रुग्णाला तपासते, रक्तदाब बघते आणि पडद्यावरच्या डॉक्टरांना रुग्णाची तक्रार नीट शब्दांत सांगते. म्हणजे दोन टोकांना जोडणारी तार इंटरनेटची असली, तरी बोली भाषेचं वैद्यकाच्या भाषेत रूपांतर करणारी ती बाई रुग्णाच्या शेजारी बसलेली असते.

आईच्या आणि आमच्या मेसेजच्या मध्ये नेमकी तीच नव्हती.

सिस्टरची बाजू

जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 हे परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून पाळलं, कारण ते नाइटिंगेलच्या जन्माचं दोनशेवं वर्ष होतं. त्या वर्षीच्या अहवालात जगभरात सुमारे 2 कोटी 79 लाख परिचारिका असल्याचं आणि आणखी 59 लाखांची कमतरता असल्याचं म्हटलं होतं. ही कमतरता सगळ्यात जास्त आपल्यासारख्या देशांत.

ही कमतरता वॉर्डात कशी दिसते? एक सिस्टर सलाईन बदलते आहे, तेवढ्यात दुसऱ्या खाटेवर ड्रेसिंग, तिसरीकडे इंजेक्शनची वेळ, चौथा रुग्ण ऑपरेशनहून परत आला. प्रत्येक गोष्टीची नोंद कागदावर, आणि आता संगणकावरही. त्यात वॉर्डचा फोन वाजतोय. आपल्या घरच्या एका रुग्णासाठी आपण चार नातेवाईक चार शहरांतून ‘अब कैसी हैं?’ विचारत असतो. प्रत्येक खाटेमागे असे चार-चार धरा, आणि तो फोन ड्रॉवरमध्ये का जातो ते कळेल.

कोविडमध्ये याच मुलींनी पीपीई किट घालून, हातमोज्यांतल्या बोटांनी फोन धरून, आपल्या माणसांचे चेहरे आपल्याला दाखवले होते. आपल्या मंडळातल्या किती घरांनी शेवटचं दर्शन तसं घेतलं, हे मी इथं लिहायला नको.

मराठी घरांना या पेशाचा अभिमान वाटावा अशी कारणंही आहेत. मुंबईत 1891 मध्ये परिचारिकेचं शिक्षण घ्यायला आलेली पहिली भारतीय स्त्री म्हणून बाई काशीबाई गणपत यांचं नाव नर्सिंगच्या पुस्तकांत आजही येतं. पुण्यात रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये सेवासदन उभं केलं आणि विधवा मुलींना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवलं. परक्या माणसाची शुश्रूषा करणं चांगल्या घरच्या बाईला शोभत नाही, असं मानणाऱ्या काळात.

पुण्यात, बंगळुरूत, न्यू जर्सीत बसलेल्यांनो

आता हे तुमच्यासाठी. कारण आई-बाबा इथं आणि तुम्ही तिथं, हे आता घराघरात आहे. फोनवरून तुम्हाला काय करता येईल, ते आमच्या अनुभवातून सांगते.

दाखल करतानाच चार प्रश्न विचारा. व्हॉट्सअ‍ॅप नंबर असेल तर तो कोण बघतं आणि किती ते किती? रात्री नर्सिंग स्टेशनचा थेट फोन कोणता? ड्यूटी कधी बदलते? (त्या अर्ध्या तासात एक सिस्टर दुसरीला प्रत्येक रुग्णाची माहिती सांगत असते. तेव्हा फोन करू नका.) आणि खाटेजवळची बेल चालते का? ती आई-बाबांनाच दाबून बघायला लावा. बटण हाताला लागेल असं ठेवलंय ना, तेही बघा. आईची बेल उशीमागे गेली होती.

वॉर्डशी बोलणारा घरातला एकच माणूस ठरवा. बाकीच्यांनी त्याला विचारायचं. आमच्या घरी आता हे काम लेकीकडे आहे, कारण तिला कमी शब्दांत लिहिता येतं.

मेसेज लिहाल तर चार ओळींत. अमेरिकेच्या नौदलात पाणबुड्यांवर एक पद्धत होती, ती तिथल्या रुग्णालयांनी उचलली आणि आता जगभरच्या परिचारिका एकमेकींशी याच क्रमानं बोलतात. आत्ता काय होतंय, आधीचं काय माहीत असायला हवं, आमचा अंदाज काय, आणि तुम्ही काय करावं. त्या रात्री मी असं लिहायला, खरं तर फोनवर असं सांगायला हवं होतं :

‘बेड 12. साडेदहा बजे से पेट के निचले हिस्से में मरोड़ है, बढ़ रही है.
शाम पाँच बजे पेशाब की नली निकली है.
हमें लगता है तब से पेशाब नहीं हुई.
कृपया अभी आकर पेट देख लीजिए.’

‘पेट में दर्द है, देख लीजिए’ आणि हे, यांतला फरक वाचूनच कळतो. दुसऱ्या ओळीतच सिस्टरला उत्तर सापडलं असतं.

वॉर्डात फोटो काढताना शेजारच्या खाटेवरचं माणूस त्यात येऊ देऊ नका. रिपोर्टचे फोटो नातेवाईकांच्या मोठ्या ग्रुपवर टाकू नका. आजारपण ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे. डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात 2023 मध्ये झाला, पण आत्याच्या ग्रुपवरून पुढं गेलेला फोटो कुठलाही कायदा परत आणून देत नाही.

भाषांतराची अ‍ॅप वापरा, ‘भाषिणी’सारखी सरकारी सोयही आता आहे, पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ‘कळ’चं ‘कल’ माणसाच्या कानाला झालं, तर यंत्राच्या कानालाही होऊ शकतं. भाषांतर झालं की ते आई-बाबांना वाचून दाखवा आणि विचारा, ‘असंच म्हणायचंय ना?’

खाटेला बांधलेला कागद

शेवटची गोष्ट सगळ्यात साधी आणि सगळ्यात उपयोगी पडली. दुसऱ्या दिवशी लेकीनं पुण्याहून फोनवर आईशी अर्धा तास गप्पा मारल्या आणि तिच्या दुखण्याचे शब्द टिपून घेतले. समोर हिंदी अर्थ लिहिला. त्याची प्रिंट मी खाटेच्या दांडीला अडकवली. तो कागद असा होता :

कळ : रह-रहकर उठने वाली मरोड़. (‘कल’ नहीं!)
ठणका : अंदर से धक-धक करता दर्द.
चमक : अचानक तेज दर्द.
मुंग्या : झुनझुनी, सुन्नपन.
मळमळ : जी मिचलाना.
भोवळ : चक्कर.
धाप : साँस फूलना.
कसंतरी होतंय : बेचैनी, घबराहट. इसे हल्के में न लें, तुरंत देखें.

शेवटच्या ओळीवर आम्ही खूप बोललो. ‘कसंतरी’ला हिंदी शब्द सापडेना, इंग्रजीही सापडेना. कुठल्याही अ‍ॅपमध्ये त्यासाठी चौकट नाही. पण हृदयविकाराचा झटका आलेल्या कितीतरी वयस्कर बायका छातीत दुखतंय असं म्हणतच नाहीत. थकल्यासारखं, मळमळल्यासारखं, घाबरल्यासारखं वाटतं, एवढंच सांगतात. म्हणजे आपल्या आज्या जे म्हणतात तेच, कसंतरी होतंय. म्हणून तो शब्द कागदावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिला.

रीवाच्या सिस्टरनं तो कागद वाचला, फोनमध्ये त्याचा फोटो काढला, आणि विचारलं, ‘‘आंटी, ये दूसरे मराठी पेशेंट के लिए भी रख लूँ?’’ मग ती ‘ळ’ म्हणायचा सराव करू लागली. आई खाटेवरून तिची शिकवणी घेत होती. जीभ मागं वळव, आणखी मागं. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला जमलं.

घरी सोडायच्या दिवशी ती मुद्दाम ड्यूटी संपल्यावर भेटायला थांबली. वाकून आईला म्हणाली, ‘‘अम्मा, आज कळ है?’’

आई म्हणाली, ‘‘नाही ग पोरी. आज कळ नाही.’’

आता आई वॉकर घेऊन क्वार्टरच्या अंगणात चार फेऱ्या मारते. आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत असाच एक कागद सगळ्यांसाठी तयार करायचा विचार आहे. नागपूरकडचे, इंदूरकडचे, ग्वाल्हेरचे, कोकणातले, आपल्या घरांमधले दुखण्याचे शब्द वेगवेगळे आहेत. तेव्हा या रविवारी आजीला फोन कराल तेव्हा एवढं विचारा : ‘‘आजी, तुला बरं नसतं तेव्हा तू काय म्हणतेस?’’ ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून आम्हाला पाठवा.